तियात्रातील पहिली अभिनेत्री

तियात्राचा जन्म मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, लुकाझिन्यो रिबेरो यांच्या ‘इटालियन भुरगो’ या खेळाने झाला. आरंभीच्या तियात्रांत स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. ‘पाय तियात्रिस्त’, अर्थात तियात्राचे जनक, म्हणून गौरविले गेलेले जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांनी १९०४ साली ही प्रथा मोडली. भाटकाराच्या जुलमाखाली दबलेल्या मुंडकारांची व्यथा मांडणाऱ्या ‘भाटकारा’ या तियात्रात त्यांच्या सहधर्मचारिणी रेजिना फर्नांडिस रंगमंचावर उभ्या राहिल्या.

या धैर्याचे मोल जाणायचे, तर पुढील काळ पाहावा. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषालाच ती भूमिका करावी लागली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या आणि चित्रपटाच्या इतिहासात अमर झाल्या.

रेजिनाबाईंचे नाव मात्र पतीच्या कीर्तीच्या छायेतच राहिले. आज स्त्रियांवाचून तियात्राची कल्पनाही करवत नाही. ही वाट प्रथम चालणाऱ्या या ख्रिस्ती गृहिणीचे स्मरण आपल्या घराघरांत व्हावे, हे उचितच होय.