दिसला म्हणजे नोंद झाली?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळरान लागतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी इथले माळढोक पक्षी वनखात्याच्या नजरेस आणून दिले. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं.

पण पक्षी दिसला हे सिद्ध कसं करायचं? इंग्रजी अमदानीत उत्तर सोपं होतं: गोळी घालायची, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा, वर चिठ्ठी बांधायची. आजच्या लाइफ लिस्टचे, म्हणजे आयुष्यात पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीचे, नियम उलटे आहेत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांनुसार पक्षी जिवंत, रानटी आणि मोकळा हवा, ओळखही पक्की हवी; नुसता आवाज ओळखला तरी चालतो.

नमुना हाताशी असला म्हणजे शंका मिटते, असंही नाही. खानदेशातल्या रानपिंगळ्याने ते दाखवून दिलं. १८८४ नंतरचा त्याचा एकमेव नमुना पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा. चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी. पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात मिळवलेला, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला पक्षी निघाला. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन सहकाऱ्यांसह डेव्हिडसन यांच्या जुन्या मुलखात शोधायला गेल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा. त्याचं चित्रण झालं आणि ११३ वर्षांनी त्याची पक्की नोंद झाली.

नान्नजला प्रश्न वेगळा आहे. माळढोकाची काळी टोपी, पांढरी मान आणि नर असेल तर मीटरभर उंची, त्यामुळे उघड्या माळावर ओळख पटायला अडचण नाही. अडचण मोजणीची. एकच पक्षी सकाळी एका मचाणावरून आणि दुपारी दुसऱ्यावरून दिसला, तर आकडा दुप्पट होतो. म्हणून वेळ, जागा, उडाल्याची दिशा आणि नर की मादी हे टिपून नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

या नोंदींवर माणसांचंही बरंच काही अवलंबून असतं. मूळ अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. शेतं आणि नांदती गावंही त्यात आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं पडली. २०१२मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक नेमका कुठे वावरतो, हे चोख नोंदीखेरीज ना वनखात्याला सांगता येतं, ना शेतकऱ्याला.