टेकाडावरचा चर नेमका कुणाचा?

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'युद्धकाळात या स्थळाची मोठी हानी झाली' असं वाक्य फार पटकन लिहून होतं. गाईड विचारतात, "हानी म्हणजे किती? कशाच्या तुलनेत?" आणि आपण गप्प. विज्ञान शाखेतून इतिहासाकडे येणाऱ्यांना हा प्रश्न खरं तर ओळखीचा असायला हवा, कारण प्रयोगात कंट्रोल नसेल तर वाचनाला अर्थ नसतो. इथे कंट्रोल म्हणजे हानी होण्याआधीची नोंद.

उदाहरण इंग्लंडमधलं घेते, कारण तिथे 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही हाताशी आहेत. सफोक परगण्यात सटन हू नावाची जागा आहे. सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन सरदारांची दफनटेकाडं तिथे एका माळावर आहेत. जमिनीच्या मालकीण एडिथ प्रिटी यांनी १९३८ मध्ये बेझिल ब्राउन या स्थानिक उत्खननकाराकडून काम सुरू करून घेतलं. १९३९ च्या उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकाच्या टेकाडात २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा सापडला. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. उरले होते लोखंडी खिळे आणि वाळूत उमटलेला आकार. मधल्या कक्षात शिरस्त्राण, सोन्याचे दागिने, चांदीची भांडी. वस्तू बाहेर निघाल्या आणि ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. खजिना लंडनच्या भुयारी रेल्वेत सुरक्षित ठेवला गेला. जहाजाचा ठसा मात्र नेच्याच्या पाल्याने झाकून तसाच सोडावा लागला.

पुढे तो माळ लष्कराच्या सरावाला गेला. पट्ट्यांवर चालणारी वाहनं टेकाडांवरून फिरली. शत्रूची ग्लायडर उतरू नयेत म्हणून मैदानात लांब चर खणले गेले. तिथली वाळू आम्लधर्मी, त्यामुळे हाडंसुद्धा टिकत नाहीत. माणूस उरतो तो फक्त वाळूतल्या काळसर डागाच्या रूपात. अशा जागी एक चर खणला, की कबरीच्या कबरी कुणाच्या लक्षातही न येता निघून जाऊ शकतात. मोडक्या भांड्याचे तुकडे निदान गोळा तरी करता येतात, फावड्याने उलटलेला डाग परत मिळत नाही.

१९६० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड यांनी ते टेकाड पुन्हा उघडलं, तेव्हा ठशाची पडझड झालेली होती. पण ती किती झाली हे ठरवता येतं, कारण मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी १९३९ मध्ये सुट्टीत तिथे जाऊन शेकडो छायाचित्रं काढून ठेवली होती. जहाजाची मोजमापं सायन्स म्युझियमच्या लोकांनी घेतली होती, पण ते मूळ कागद युद्धातच नष्ट झाले. म्हणजे युद्धाने जागा बिघडवली आणि जागेचा पुरावाही खाल्ला. हौशी म्हणून काढलेल्या फोटोंचं वजन त्यामुळे कितीतरी वाढलं.

याच टेकाडाला त्याआधीही धक्का लागला होता. मध्ययुगात त्याची एक बाजू खणली गेली आणि टेकाडाचा 'मध्य' सरकला. पुढे खजिना शोधणाऱ्यांनी दिसणाऱ्या मध्यावर खड्डा घेतला आणि कक्ष चुकला! जुन्या हानीने खजिना वाचवला म्हणा ना. तेव्हा टेकाडावर कुठलाही खड्डा दिसला की आधी त्याचा काळ ठरवायचा. तो कोणत्या थरांना कापतो, त्याला कोण कापतं, भरावात सर्वात अलीकडची वस्तू कोणती, हे पाहायचं. रणगाडा, दरोडेखोर, शेतकरी, सगळे खड्डेच करतात.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात विदर्भातली महापाषाणकालीन शिलावर्तुळं प्रसिद्ध आहेत. कामठीच्या छावणीजवळचं एक वर्तुळ १८६० च्या दशकात मेजर पिअर्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने खणलं. लष्कराचा माणूस खरा, पण युद्ध नव्हतं, कुतूहल होतं. 'लष्करी' आणि 'युद्धकालीन' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

नाशिकपुरतं बोलायचं तर १८८३ च्या गॅझेटियरमध्ये गोवर्धन-गंगापूरजवळच्या एका जुन्या दफनटेकाडाची नोंद आहे. त्यानंतर शहर गंगापूर रोडने त्याच दिशेला पसरत गेलं. असल्या जागांना आपल्याकडे बॉम्बपेक्षा बांधकाम, मुरूम आणि नांगर यांचा धोका मोठा आहे, असं माझं मत. गोदावरीकाठची मातीची गढी हे दफनटेकाड नव्हे, ते वस्तीचं, पांढरीचं टेकाड. तिथे सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं आणि १९५५ मध्ये अहवाल छापला. दर पावसाळ्यात गढी ढासळल्याची बातमी येते तेव्हा तुलनेला तो अहवाल आहे. बाकीच्या कितीतरी टेकाडांना तेवढाही आधार नाही.

मग 'आधी' आणायचं कुठून? गंमत म्हणजे कधीकधी युद्धातूनच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने इटलीवर काढलेल्या फोटोंमधून जॉन ब्रॅडफर्ड यांनी एट्रुस्कन दफनटेकाडं शेकड्यांनी शोधली. (त्याच इटलीत तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढत होते.) शीतयुद्धातल्या अमेरिकन 'कोरोना' हेरउपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ पासून खुली झाली. त्यात भारतही आहे. नव्या वसाहती उभ्या राहण्याआधीचा भूभाग त्यात दिसतो. जुनी टोपोशीट, कोरोना आणि आजचं उपग्रह चित्र एकाच प्रोजेक्शनवर आणून एकमेकांवर ठेवा.

सुरुवात गंगापूरच्या टेकाडापासूनच करता येईल. फक्त गॅझेटियरमधली अंतरं मैलात आहेत आणि ती तेव्हाच्या नाशिकपासून मोजलेली आहेत. शून्याचा बिंदू सीबीएसला धरलात तर भलत्याच शेतात जाऊन उभे राहाल.