ओळखीचा शब्द, वेगळा अर्थ : व्यापार-विकासाची इंग्रजी अरबीत जाते तेव्हा

मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या आपल्या घरांत अरबीतून आलेले शब्द रोज वापरले जातात. किंमत, फायदा, तर्फे, सामील, दौलत, रयत. त्यामुळे अरबी कागद हातात आला की निम्मा तरी समजेल, असं वाटतं. साध्या वाचनात याचा उपयोग होतोही. पण व्यापार करार, आयात शुल्काचे नियम, विकासाचे ठराव अशा कागदांत हाच ओळखीचा शब्द फसवू शकतो. आपली मुलं अरबी शिकतात, काहींना पुढे अनुवादाचं काम करायचं असतं. म्हणून हे काम कसं चालतं, ते थोडक्यात पाहू.

अरबी कुठे अधिकृत, कुठे नाही

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सुरुवातीला पाच होत्या. 18 डिसेंबर 1973 रोजी आमसभेने अरबीला सहावी भाषा म्हणून स्वीकारलं. 18 डिसेंबरला जागतिक अरबी भाषा दिन पाळतात तो त्यामुळेच. जिनिव्हात व्यापार आणि विकास या विषयावर काम करणारी अंकटाड ही संस्था 1964 पासून आहे. अरबीत तिला 'अल-ऊंक्ताद' म्हणतात, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांचाच शब्द करून टाकलेला आहे.

जागतिक व्यापार संघटनेची गोष्ट वेगळी आहे. तिच्या स्थापनेच्या करारावर 15 एप्रिल 1994 रोजी मोरोक्कोच्या माराकेश शहरात सह्या झाल्या. शहर अरब देशातलं, पण संघटनेच्या अधिकृत भाषा तीनच : इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. अरबीतला मजकूर हा फक्त अनुवाद. वाद झाला तर मूळ इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश पाठ बघितला जातो. अरब देशातले अधिकारी, कायदे करणारे आणि व्यापारी मात्र पुष्कळदा अरबी पाठ वाचूनच काम करतात. अनुवाद घसरला, तर नसलेला हक्क आहे असं वाटू शकतं, किंवा असलेला हक्क नजरेआड होतो. या कामाची जोखीम ही आहे.

आपले शब्द, त्यांचे अर्थ

*जकात.* मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर. महापालिकांचे जकात नाके कित्येकांना आठवत असतील. अरबीत मात्र 'जकात' हा शब्द इबादतीचा आहे. सीमाशुल्काला तिथे 'जुमरुक' म्हणतात, तो तुर्कीतून आला. ट्युनिशियात त्यालाच 'दीवाना' म्हणतात, आपल्या 'दिवाण'चा नातलग. मराठीची सवय घेऊन कुणी सीमाशुल्काला जकात लिहिलं, तर अरब वाचक चक्रावूनच जाईल.

*दौलत.* उर्दूत आणि आजच्या मराठीत पैसा, संपत्ती. अरबी 'दौला' म्हणजे राज्य, देश. जुन्या मराठी कागदपत्रांत 'दौलत' राज्य याच अर्थाने येतो, आपण तो अर्थ मागे सोडला.

*रयत.* हा शब्द ज्या धातूतून आला, त्यातूनच 'रिआया' म्हणजे काळजी, देखभाल. व्यापार करारात सगळ्या सदस्य देशांना सारखी वागणूक देण्याचं जे तत्त्व आहे, त्याला इंग्रजीत 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' म्हणतात. अरबीत 'अद्-दौला अल-औला बिर्-रिआया', म्हणजे काळजी घेण्यास सर्वांत पात्र देश. ऐकायला मोठा मान वाटतो. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की एका देशाला जी सवलत दिली ती इतर सदस्यांनाही द्यायची.

*गर्क.* आपण कामात गर्क असतो. याच धातूतून 'इगराक', म्हणजे बुडवणं. परदेशी माल आपल्या घरच्या बाजारापेक्षा कमी भावाने दुसऱ्या देशात विकणं, म्हणजे 'डंपिंग', याला अरबीत 'इगराक' म्हणतात. बाजार मालाने बुडवून टाकायचा, असं चित्र त्या शब्दात आहे.

*तआरुफ.* ओळख करून देणं. याच धातूतला 'तअरीफा' म्हणजे दरपत्रक. इंग्रजी 'टॅरिफ' शब्द अरबीतूनच युरोपात गेला. म्हणजे इथे अरबीने स्वतःचाच शब्द परत घेतला.

*सियासत.* उर्दूत राजकारण. अरबी 'सियासा' मात्र राजकारणही आणि धोरणही. इंग्रजीत 'पॉलिटिक्स' आणि 'पॉलिसी' वेगळे आहेत, अरबीत तो फरक संदर्भातून काढावा लागतो. म्हणून अनुवादक पुष्कळदा अनेकवचन 'सियासात' किंवा 'सियासात आम्मा' म्हणजे सार्वजनिक धोरणं असं लिहितात.

*फायदा.* आर्थिक कागदात व्याजदराला 'सिअर अल-फाइदा' म्हणतात. मराठी वाचक नफ्याचा दर समजून बसेल. 'रिबा' हा शब्द सरकारी आणि बँकेच्या कागदात या जागी सहसा येत नाही. शब्द कोणता निवडला यावरून वाचकाचं मत बदलू शकतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

एका क्रियापदाचा भार

कराराच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे अपेक्षा, 'मे' म्हणजे मुभा. अरबीत बंधनासाठी 'यजिबु', 'तल्तजिमु' किंवा नुसतं वर्तमानकाळी क्रियापद येतं. अपेक्षेसाठी 'यनबगी'. मुभेसाठी 'यजूझु', आपल्या 'जायज'चं भावंड.

विकसनशील देशांना 'खास आणि वेगळी वागणूक' द्यावी, अशी कलमं व्यापार करारांत आहेत. त्यांतली बरीच कलमं बंधनाची नाहीत, अपेक्षेची आहेत. तिथे 'यनबगी'ऐवजी 'यजिबु' पडलं, तर देशातले शेतकरी आणि कारखानदार समजतील की हा आपला हक्क आहे. आणि मागायला गेल्यावर कळेल, की मूळ कागदात फक्त सदिच्छा होती.

व्याकरणाचे पेच

अरबीत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन असतं. इंग्रजीत 'पार्टीज' लिहिलं की दोन पक्ष की दहा, ते कळत नाही. अरबीत दोन असतील तर 'तरफान', जास्त असतील तर 'अतराफ'. म्हणजे पहिल्या ओळीआधीच करार कितीजणांचा आहे ते अनुवादकाला माहीत हवं. हा 'तरफ' तोच, जो आपल्या 'तर्फे' या शब्दात आहे.

इंग्रजी कागदात मोठं अक्षर आलं की ती कराराने व्याख्या केलेली संज्ञा आहे, हे कळतं. मराठीसारखीच अरबीतही मोठी अक्षरं नाहीत. मग एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत तसाच ठेवणं हाच उपाय. शाळेत निबंधाला आपण सांगतो, तोच शब्द परत वापरू नका. इथे नियम बरोबर उलटा.

तिसरं म्हणजे नामांची माळ. 'ट्रेड पॉलिसी रिव्ह्यू मेकॅनिझम' मध्ये चार नामं नुसती शेजारी ठेवली आहेत. अरबीत ती शेवटाकडून उलगडतात : यंत्रणा, आढाव्याची, व्यापार धोरणांच्या. 'आलियत इस्तिअराद अस्-सियासात अत्-तिजारिया'. 'निजाम-ए-तालीम' ज्याला समजतं, त्याला ही रचना जड जाणार नाही.

एक कल्पना, अनेक शब्द

अरब देश बावीस, आणि नव्या संज्ञा प्रत्येकाने आपापल्या घडवल्या. खासगीकरणाला इजिप्तमध्ये 'खसखसा', मोरोक्कोत 'खौससा', सौदीत 'तख्सीस'. सुशासनातल्या 'गव्हर्नन्स'ला कुठे 'हौकमा', मोरोक्कोत 'हकामा'. महिन्यांची नावंही वेगळी. म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या अरबी कागदांत जानेवारी लिहिताना 'कानून अस्-सानी' आणि 'यनायर' ही दोन्ही नावं तिरपी रेघ देऊन छापतात. भाषा अकादमी दमास्कसमध्ये 1919 पासून आणि कैरोत 1932 पासून आहेत. संज्ञा एकसारख्या करण्यासाठी रबातला 1961 मध्ये अरबीकरण समन्वय कार्यालयही सुरू झालं. तरी फरक उरतातच. कागद कोणासाठी आहे, हे आधी विचारावं.

आपल्या घरांसाठी

हा विषय फक्त जिनिव्हाचा नाही. आखातात गेलेल्या आपल्या माणसांच्या बिलावर 'दरीबत अल-कीमा अल-मुदाफा' छापलेलं असतं, म्हणजे मूल्यवर्धित कर. 'कीमा' आपली किंमत, 'मुदाफा' आपला इजाफा. सौदीत हा कर 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के होता, 1 जुलै 2020 पासून 15 टक्के झाला. भारत आणि अमिरातींचा 1 मे 2022 पासून लागू असलेला करार अरबीत 'शराका शामिला'चा म्हणवतो. शरीक आणि सामील, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. आणि सौदी कामगार कायद्याप्रमाणे नोकरीचा करार दोन भाषांत असेल, तर अरबी मजकूर धरला जातो. सही करण्याआधी अरबी बाजू जाणकाराकडून वाचून घ्यावी, ती यासाठी.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी एक लक्षात ठेवावं. संयुक्त राष्ट्रसंघात अनुवादक सहसा आपल्या मुख्य भाषेतच अनुवाद करतो. आपल्या मुलांना अरबीतून इंग्रजी, उर्दू किंवा मराठीत आणण्याचं काम जास्त जमेल. सरावासाठी संयुक्त राष्ट्रसंघाचा 'यूएनटर्म' हा सहा भाषांचा संज्ञाकोश इंटरनेटवर मोफत आहे. एकच ठराव इंग्रजी आणि अरबीत समोरासमोर ठेवावा आणि रोज एक परिच्छेद ताडून पाहावा. ओळखीचा शब्द दिसला की तिथे जास्त वेळ थांबावं. अनोळखी शब्द आपण कोशात बघतोच, ओळखीचा मात्र न बघता पुढे जातो.