समाजमंदिराचं ऑनलाइन बुकिंग : एकच हॉल दोघांना का मिळतो, आणि ते कसं थांबवायचं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव कर्जत तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या साखरपुड्याला आम्ही सकाळी समाजमंदिरात पोचलो, तर आत दुसऱ्याच घरच्या बारशाची तयारी चालू होती. पावती त्यांच्याकडेही होती, आमच्याकडेही. एक वहीतून फाडलेली, दुसरी व्हॉट्सॲपवर आलेली. शेवटी साखरपुडा आमच्या अंगणात झाला. पाहुणे उन्हात बसले आणि काका संध्याकाळपर्यंत कोणाशी धड बोलले नाहीत.

तेव्हाच ठरवलं, यावर काहीतरी करायचं. ते करताना जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्याकडे हे जास्त का होतं?

हॉल वर्षातले बरेच दिवस रिकामा असतो. पण तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते आणि मुहूर्ताच्या मोजक्या तारखांवर सगळ्यांची उडी पडते. कर्जत-खालापूरच्या नव्या सोसायट्यांमध्ये तीच गत क्लबहाउसची. मुंबईहून शनिवार-रविवारी येणारे फ्लॅटमालक आणि कायम राहणारे, दोघांनाही तेच दोन दिवस हवे असतात.

डबल बुकिंग नेमकं कशामुळे होतं?

पहिलं कारण सरळ आहे : दोन वह्या. एक कार्यालयात, एक समितीच्या कोणाच्या तरी घरी. यात तिसरं ॲप आणलं तर गोंधळ वाढतोच. म्हणून फोनवरून आलेलं, समोर येऊन केलेलं आणि मोबाइलवरून केलेलं, प्रत्येक बुकिंग एकाच ठिकाणी नोंदवलं गेलं पाहिजे. ज्यांच्या वाडीत रेंज नाही त्यांचं बुकिंग कार्यालयातल्या काकांनी त्याच सिस्टिममध्ये टाकायचं. वही ठेवायचीच असेल तर ती सिस्टिमवरून उतरवलेली नक्कल.

दुसरं कारण मला माझ्याच कोडने शिकवलं. माझं पहिलं पेज आधी तपासायचं, 'तारीख रिकामी आहे का?' आणि मग नोंद करायचं. मी आणि भावाने दोन फोनवरून एकदमच बटण दाबलं. दोघांनाही 'बुकिंग झालं' असा मेसेज! तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये क्षणभराची फट होती, त्यात दोघंही शिरलो. याला 'रेस कंडिशन' म्हणतात. उपाय असा की अंतिम नकार डेटाबेसनेच द्यायचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यासाठी 'एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट' आहे. एकाच हॉलच्या दोन वेळा एकमेकींवर आल्या तर दुसरी नोंद तो घेतच नाही.

वेळ कशी तपासतात?

नियम एका ओळीचा आहे : नवं बुकिंग जुनं संपण्याआधी सुरू होतंय आणि जुनं बुकिंग नवं संपण्याआधी सुरू होतंय, ही दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर टक्कर. १० ते २ आणि २ ते ६ यांची टक्कर नाही. पण मांडव उतरवायला, झाडलोट करायला वेळ लागतो. म्हणून मध्ये निदान एक तास मोकळा ठेवायची सोय हवी.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

- गूगल फॉर्म : फक्त अर्ज गोळा करायला. एकाच तारखेचे दहा अर्ज आले तरी तो दहाही घेतो.
- गूगल कॅलेंडरचं बुकिंग पेज : साध्या जीमेल अकाउंटवर असं एक पेज फुकट बनवता येतं. घेतलेला स्लॉट दुसऱ्याला दिसत नाही. एकच हॉल असेल तर पुरेसं आहे. अनामत मात्र वेगळी, यूपीआयने घ्या.
- लिब्रेबुकिंग किंवा एमआरबीएस : दोन्ही ओपन सोर्स. हॉल, मैदान, खुर्च्या असं बरंच काही असेल तर उपयोगी, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं.

सॉफ्टवेअरच्या आधी नियम लिहा

बुकिंग पक्कं कधी? माझं उत्तर : अनामत जमा झाल्यावर. सिनेमाच्या तिकिटाला सीट काही मिनिटं राखून ठेवतात, तसं इथे ४८ तास ठेवा. पैसे आले नाहीत तर तारीख आपोआप मोकळी. नाहीतर 'तोंडी सांगितलंय' म्हणून महिनाभर तारखा अडून राहतात.

किती दिवस आधी बुक करता येईल, एका घराला वर्षात किती वेळा मिळेल, रद्द केल्यास किती पैसे परत, हेही आधीच ठरवा. सर्वांना दिसणाऱ्या कॅलेंडरवर फक्त 'बुक आहे' इतकंच दाखवा. नाव आणि फोन नंबर नको. दर आठवड्याला प्रिंट काढून फळ्यावर लावा, म्हणजे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही कळेल.

एक बटण विसरू नका

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना तातडीने निवारा द्यावा लागला. अशा वेळी गावातलं मोठं छप्पर म्हणजे समाजमंदिर किंवा शाळा. म्हणून सिस्टिममध्ये 'आणीबाणी' असा पर्याय ठेवा : सगळी बुकिंग थांबतील, लोकांना मेसेज जाईल आणि अनामत पूर्ण परत मिळेल. हा अधिकार कोणाचा, हे पावसाळ्याआधीच लिहून ठेवा. भर पावसात, लाइट गेलेली असताना पासवर्ड शोधत बसायची वेळ नको. हॉलची चावी मात्र कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच असू द्या.

आमच्या गावात हे पेज सुरू झालं, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात खोडाखोड करता येते का?" करता येते, पण कोणी आणि कधी केली ते नोंदलं जातं. ते ऐकल्यावरच त्यांनी बहिणीच्या हळदीची तारीख टाकायला सांगितली.