आंग्रेवाडीतली प्रस्तावना

गिरगाव मेट्रोच्या जिन्याने वर येता आणि ठाकूरद्वारच्या नाक्याकडे वळून थबकता. मेट्रोसाठी पाडलेल्या चाळी पुन्हा जागच्या जागी उभ्या आहेत. कुठूनशी ट्रामची घंटा ऐकू येते. साल १९२६.

आंग्रेवाडी विचारताना ‘व्ही. पी. रोड’ म्हणू नका, कुणाला कळायचं नाही. विठ्ठलभाई पटेल अजून हयात आहेत, दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष आहेत. ज्याला पुढे त्यांचं नाव लागेल तो हा रस्ता सध्या नुसता गिरगाव बॅक रोड आहे.

वाडीत शिरता. आत पांडुरंग वामन काणे बसले आहेत. वय शेहेचाळीस. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, आधी शाळामास्तर, १९११ पासून हायकोर्टात वकील, मधली सहा वर्षं लॉ कॉलेजात प्राध्यापक. पोटाचं दुखणं जन्माचा सोबती. तुम्ही बोलू नका, कोपऱ्यात बसा. समोर एक अशील आहे. त्याच्या बायकोचा भाऊ मूलबाळ नसताना वारला, घर मुंबईत. वारस कोण?

आता मजा बघा. हिंदू कायदा मुंबई इलाख्यातही एकसारखा नाही. महाराष्ट्रात मिताक्षरा हा ग्रंथ थोर. मुंबई बेटात आणि गुजरातेत मात्र नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाचा शब्द वरचढ. आणि मयूख बहिणीला बापाच्या आईनंतर लगेच बसवतो. सतराव्या शतकात काशीत बसून लिहिलेल्या पोथीवर गिरगावातल्या खोलीचा निकाल लागणार! अशिलाला नीलकंठाशी कर्तव्य नाही. बायकोला घर मिळेल ना, एवढंच त्याला हवंय.

तो गेला की कपाटाकडे नजर टाका. अशा कपाटात वेस्ट आणि ब्यूलर यांचा डायजेस्ट असायलाच हवा. गेऑर्ग ब्यूलर हॅनोवरकडचा जर्मन. १८६३ साली मुंबईला येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागला. पुढच्याच वर्षी सरकारने कोर्टातल्या शास्त्र्यांची पदं मोडीत काढली. तोवर न्यायाधीश शास्त्र्यांना विचारत आणि शास्त्री उत्तर लिहून देत. ती उत्तरं गोळा करून, त्यांना मूळ वचनांचे आधार लावून रेमंड वेस्ट या न्यायाधीशाबरोबर ब्यूलरने १८६७ पासून डायजेस्ट छापायला घेतला. पुढे व्हिएन्नात अध्यापक झाला, मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १८९८ साली सरोवरात बुडून गेला. त्याच पंथातला दुसरा युलियस योली. वुर्झबुर्गचा प्राध्यापक, १८८३ साली कलकत्त्याला येऊन हिंदूंच्या वारसाहक्कावर टागोर व्याख्यानं देऊन गेला. दोघंही थोर, यात वाद नाही. पण त्यांना विद्यापीठाचं अध्यासन होतं, पगार होता. या वाडीतल्या माणसाकडे कोर्ट सुटल्यानंतरचा वेळ आहे.

मेजावर व्यवहारमयूखाची संपादित प्रत आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेची. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडायची, एवढाच काण्यांचा मूळ बेत होता. वाचकाला नीलकंठाच्या मागचं-पुढचं कळावं म्हणून. प्रस्तावना म्हणजे किती, पाच-पन्नास पानं? ती आटोपेना. आपल्याकडे प्रस्तावना लांबल्या की कंटाळा येतो. ही लांबली हे आपलं नशीब.

डोळे मिटून उघडा. १९३०: प्रस्तावनेचा ग्रंथच झालाय, धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड. पुढचे खंड १९४१, १९४६, १९५३. मध्येच ते महामहोपाध्याय होतात, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होतात, राज्यसभेत जातात. लेखन थांबत नाही. अडलेल्या जागी वाईच्या केवलानंद सरस्वतींसारखी माणसं मदतीला आहेत. आणि एवढं शास्त्र पोटात घेतलेला हा माणूस सनातन्यांच्या कामाचा मात्र नाही. केशवपन न केलेल्या विधवेला पंढरपूरच्या विठोबाची पूजा करता यावी म्हणून तो वकील उभा राहतो. शास्त्र वेळोवेळी बदलत आलंय, हे पानापानावर पुराव्यानिशी दाखवल्यावर दुसरं काय करणार! मला विचाराल तर त्यांच्या विद्वत्तेइतकाच हा गुण मोठा.

अखेरचा मुक्काम १९६२. पाचव्या खंडाचा दुसरा भाग छापून आलाय. सगळे मिळून साडेसहा हजारांच्या वर पानं. लेखकाचं वय ब्याऐंशी. पुढच्या वर्षी भारतरत्न मिळेल.

आता परत या. ठाकूरद्वारहून घरी जाताना पाच मिनिटं वाकडी वाट करून आंग्रेवाडीवरून जा. आणि टाउन हॉलच्या एशियाटिकमध्ये कधी गेलात तर पहिला खंड मागून घ्या, निदान हातात धरून वजन तरी बघा.