तुळईतली टकटक

हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या मृत्यूची हकिकत सूरह सबामध्ये येते. काठीवर टेकून उभे असतानाच त्यांचा इंतकाल झाला. समोर जिन कामाला जुंपलेले. मालक उभा आहे, बघतो आहे, असं समजून ते राबत राहिले. जमिनीतल्या एका किड्याने ती काठी आतून खाल्ली, काठी मोडली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. मध्ये किती काळ गेला ते कुराणात नाही. तफसीरकारांनी मात्र एक रिवायत नोंदवली आहे. लोकांनी किडा त्या काठीवर एक दिवस-एक रात्र ठेवला, त्याने किती खाल्लं ते पाहिलं आणि हिशेब मांडला : एक वर्ष. वर्गात ‘दीमक’ हा शब्द आला की मी ही गोष्ट सांगतो. मुलांना सिंहासनात, जिनांत फारसा रस नसतो. त्यांना तो हिशेब आवडतो.

लाकडातल्या किड्याचा हिशेब मांडण्यात आयुष्य घालवलेल्या एका माणसाबद्दल आज लिहायचं आहे. त्याच्या कामाची सुरुवात वेस्ट इंडीजमधल्या उसात झाली, भरभराट आपल्या बिहारात झाली आणि शेवट लंडनच्या थंडीत.

इंग्लंडमध्ये आपल्यासारखी वाळवी नाही. थंडी तिला मानवत नाही. डेव्हन परगण्यातल्या सॉन्टन या किनाऱ्यावरच्या गावात १९९० च्या दशकात दोन घरांपुरती वाळवी सापडली, तर तिचा नायनाट करायला सरकारने कित्येक वर्षांची मोहीम चालवली. आपल्याकडे दोन घरांत वाळवी निघाली म्हणून ग्रामपंचायतसुद्धा बसणार नाही. पण थंड देशाचे किडे वेगळे. तिथल्या जुन्या गावांतली घरं ओकच्या सांगाड्यावर उभी आहेत. ओक म्हणजे आमच्या उर्दूतला बलूत. सफोकमधल्या लॅवनहॅमसारख्या गावात लोकरीच्या पैशातून पाचशे वर्षांपूर्वी बांधलेली अशी घरं आजही राहती आहेत. तिरकी झालेली, पण राहती. त्यांच्या तुळयांत एक लहानसा तपकिरी भुंगेरा राहतो. इंग्रजीत त्याला ‘डेथवॉच’ म्हणतात. वसंतात, जोडीदार शोधताना, तो डोकं लाकडावर आपटतो. एका दमात सहा-आठ ठोके, मग थांबतो, उत्तराची वाट बघतो. पेन्सिलीने तुळईवर तसेच ठोके दिले तर कधीकधी माणसालाही उत्तर देतो.

नाव पडलं ते रात्रीच्या शांततेमुळे. घरात कोणी अखेरच्या घटका मोजत असेल आणि माणसं उशाशी जागत बसली असतील, तर त्या शांततेत ही टकटक ऐकू येई. लोक म्हणत, मौत दार वाजवते आहे. सर थॉमस ब्राउन या डॉक्टराने १६४६ सालीच आपल्या ग्रंथात ही समजूत मोडीत काढली होती. समजूत अर्थातच मोडली नाही. भुंगेरा मात्र कोणाच्या मरणाची खबर देत नव्हता, घराच्या मरणाची देत होता. त्याची अळी लाकडात पाच-पाच, दहा-दहा वर्षं खात राहते. थंडीत तिची वाढ मंदावते, म्हणून मुक्काम लांबतो. बाहेर दिसतं ते फक्त तीनेक मिलिमीटरचं भोक, आणि तेही भुंगेरा निघून गेल्यावर. सुलेमानांच्या काठीसारखंच : मोडेपर्यंत सगळं शाबूत.

घरातली कीड मारून देण्याचा धंदा लंडनमध्ये लेफ्रॉयच्या बराच आधीचा आहे. तो लाकडाचा नव्हे, ढेकणांचा. १७३० साली जॉन साउथॉल नावाच्या गृहस्थाने ढेकणांवर एक छोटं पुस्तक छापलं आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष हान्स स्लोन यांना अर्पण केलं. पुस्तक म्हणजे निम्मी जाहिरातच, त्याच्या औषधाची. ते औषध त्याला जमैकात एका वृद्ध काळ्या माणसाने दिलं होतं, हे तो स्वतःच सांगतो. त्या म्हाताऱ्याचं नाव मात्र पुस्तकात नाही. औषधाला नाव मिळालं, ‘नॉनपरेल’ म्हणजे बिनतोड, देणाऱ्याला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यात राणीच्या घरचे ढेकूण मारणारा टिफिन भेटतो. त्याचा पूर्वज बायकांचे कॉर्सेट शिवणारा कारागीर. धंदा १६९५ पासूनचा. टिफिन अभिमानाने सांगतो की आपण फक्त वरच्या वर्गाचं काम करतो. गरिबांचे ढेकूण गरिबांनीच बघावेत, असा एकूण हिशेब.

आता हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. जन्म १८७७, शिक्षण केंब्रिजला. कॅरिबियनमध्ये उसाच्या किडीवर काम करून १९०३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढे ‘इंपीरियल एन्टोमॉलॉजिस्ट’ झाला, म्हणजे साम्राज्याचा कीटकतज्ज्ञ. पदाचं नाव वाचून हसू येतं, पण काम हसण्यासारखं नव्हतं. १९०५ साली बिहारात पुसा इथे शेतीसंशोधनाची मोठी संस्था उभी राहिली, हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत ढासळली आणि संस्था दिल्लीला गेली. दिल्लीत तिला अजून ‘पुसा’ म्हणतात ते त्यामुळे. या पुशात बसून लेफ्रॉयने १९०६ मध्ये हिंदुस्थानातल्या पिकांवरच्या किडींचं आणि १९०९ मध्ये एकूणच इथल्या कीटकजीवनाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. दुसरं पुस्तक एफ. एम. हॉवलेट यांच्या साहाय्याने. शेतकऱ्याचं पीक कोण खातं, कधी खातं, कोणत्या अवस्थेत त्याला गाठता येतं, या प्रश्नांचा त्याला इथे सराव झाला. किडा मारायचा असेल तर आधी त्याचं वेळापत्रक माहीत हवं, हा धडा त्याला ऊस, कापूस आणि धान्याच्या कणग्यांनी दिला.

१९१२ मध्ये तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला. थोड्याच काळात त्याच्यासमोर जो रुग्ण आला तो साधा नव्हता.

वेस्टमिन्स्टर हॉल. इंग्लंडच्या पार्लमेंटला लागून असलेलं हे दालन १०९७ सालचं. त्याचं ओकचं छप्पर तीनशे वर्षांनी, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, ह्यू हर्लंड नावाच्या सुताराने घातलं. जवळपास वीस मीटर रुंदीचं दालन आणि मध्ये एकही खांब नाही. आजचा इंजिनियरही मान वर करून बघत राहील असं काम. याच छपराखाली पहिल्या चार्ल्सला मृत्युदंड सुनावला गेला. याच छपराखाली १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालला आणि अवधच्या बेगमांचा खजिना कसा लुटला याची वर्णनं ऐकायला लंडनची उच्चभ्रू मंडळी गर्दी करत होती. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्या भाषणांच्या वेळी वरच्या तुळयांत अळ्या आपलं काम करत असणारच. हा माझा अंदाज, पण अळ्यांची एकूण चिकाटी पाहता फार धाडसाचा नाही.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारी वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी छपराची कसून तपासणी केली. खालून भक्कम दिसणाऱ्या तुळया आतून पोकळ झालेल्या होत्या. गुन्हेगार डेथवॉच. बेन्स यांनी छपरात लपवून पोलादाचा आधार द्यायचं ठरवलं. ते काम १९२३ पर्यंत चाललं. किड्याचं काय करायचं, हा प्रश्न लेफ्रॉयकडे आला. त्याने वेगवेगळी द्रावणं करून पाहिली. अडचण अशी की पिकावरची अळी पानावर दिसते, फवारा मारला की संपली. इथे शत्रू पाचशे वर्षं जुन्या, दगडासारख्या कठीण लाकडाच्या पोटात आणि औषध वरच्या पृष्ठभागावर. वर लाकडाला धक्का लागता कामा नये आणि खाली बसणाऱ्या माणसांना त्रास होता कामा नये.

द्रावणाची बातमी पसरली तशी जुन्या घरांच्या आणि चर्चच्या लोकांकडून मागणी येऊ लागली. सहकारी बेसी ईड्स हिच्यासोबत लेफ्रॉयने औषध बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. नाव ‘एन्टोकिल’ ठेवायचं होतं. ग्रीक ‘एन्टोमॉन’ म्हणजे कीटक, आणि पुढे सरळ इंग्रजी ‘किल’. पण नोंदणीत अडचण आली, तेव्हा पुढे एक ‘र’ जोडला. रेंटोकिल. १९२५ साली कंपनी झाली.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेफ्रॉय गेला. इंपीरियल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तो माश्या मारणाऱ्या विषारी वायूंवर प्रयोग करत होता. बेशुद्धावस्थेत सापडला आणि काही दिवसांनी वारला. वय ४८. महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन त्याने फौजेसाठी माश्यांविरुद्ध काम केलं होतं. शेवटी माश्यांसाठी केलेला वायू त्याच्याच फुप्फुसांत गेला. कंपनी बेसी ईड्सने चालू ठेवली. १९५७ मध्ये ‘ब्रिटिश रॅटिन’ या उंदीर मारणाऱ्या, डॅनिश मुळांच्या कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे स्वतःच तिचं नाव धारण केलं. मुंबईत १९५४ मध्ये सुरू झालेल्या ‘पेस्ट कंट्रोल इंडिया’शी तिची भागीदारी झाली २०१७ मध्ये. म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या गाडीवर ते नाव दिसलं, तर त्याच्या मुळाशी पुशाचा साहेब आहे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण लेफ्रॉयनंतरच्या वीस वर्षांत या धंद्याने जी वळणं घेतली त्यांत वायूचा वाटा मोठा आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या शहरांतल्या गलिच्छ वस्त्या पाडून गरिबांना नगरपालिकेची नवी घरं दिली गेली. नव्या घरात ढेकूण जाऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी सगळं सामान बंद गाडीत भरून त्यात हायड्रोजन सायनाइड सोडत. हेतू चांगला, परिणामही चांगला. पण अख्ख्या गल्लीसमोर आपली खाट, आपलं कपाट विषाच्या गाडीत चढताना बघणं त्या बायकांना कसं वाटलं असेल? टिफिन राणीच्या शयनगृहात गुपचूप जात असे. गरिबाचे ढेकूण मारायची गाडी दारात उभी राही.

तोच सायनाइड जर्मनीत खड्यांच्या रूपात डब्यांतून विकला जाई, जहाजं, गोदामं, पिठाच्या गिरण्या धुरी देऊन साफ करायला. त्या मालाचं नाव झिक्लॉन-बी. आउशवित्झमध्ये तो माणसांवर वापरला गेला. डबे तेच होते. त्याआधी कित्येक वर्षं भाषणांतून, पोस्टरांतून, सिनेमांतून ज्यूंना उवा, उंदीर, कीड म्हणून झालं होतं. मी भाषा शिकवतो, म्हणून मला या क्रमाची भीती वाटते : आधी शब्द आला, मग डबा. हल्ली आपल्याकडेही कोणाला तरी ‘दीमक’, ‘वाळवी’ म्हटलं की सभेत टाळ्या पडतात. पूर्वी त्या टाळ्या मी टीव्हीवर बघायचो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलाने दुसऱ्याला तो शब्द वापरला. दोघेही अकरा नंबरच्या बाकावर बसतात, डबा एकत्र खातात. मी रागावलो नाही. सुलेमानांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, या गोष्टीत खोटं कोणाचं उघडं पडलं, किड्याचं की आपल्याला गैब कळतं म्हणणाऱ्या जिनांचं? उत्तर आलं नाही. घंटा झाली.

असो. इंग्लंडच्या तुळयांकडे परत जाऊ, कारण तिथली गोष्ट अर्धीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरं विकताना एक नवी रीत पडली. कर्ज देणारी संस्था म्हणे, लाकडावर औषध मारल्याची हमी आणा. झालं. किडा आहे की नाही, भोकं ताजी आहेत की शंभर वर्षांपूर्वीची, हे न बघताच माळे लिंडेन आणि डिल्ड्रिन यांसारख्या विषांनी भिजवले गेले. हमीचा कागद मिळाला की विकणारा खूश, घेणारा खूश, बँक खूश. माळ्यावर राहणारी वटवाघळं त्या फवाऱ्याने मेली. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं तेव्हा माळ्यावर फवारणीआधी विचारणं भाग पडलं. आणि लाकडाच्या गाभ्यातली अळी? तिच्यापर्यंत औषध पोचतच नव्हतं. जी अडचण लेफ्रॉयसमोर होती तीच. पृष्ठभागावरच्या विषाने मरत होते ते कोळी, जे बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यांना जाळ्यात पकडून खातात. एक निळसर भुंगेराही आहे, त्याची अळी डेथवॉचच्या अळीवरच जगते. फवारा त्यालाही सोडत नव्हता.

अभ्यासकांना जी गोष्ट हळूहळू पटत गेली ती कोणत्याही म्हाताऱ्या गवंड्याने सांगितली असती : ओल. डेथवॉचला कोरडा, निकोप ओक पचत नाही. बुरशीने मऊ केलेलं लाकूड त्याला हवं असतं आणि बुरशीला हवं पाणी. फुटलेली पन्हळ, पानांनी तुंबलेलं गटार, छपरावरचा सरकलेला पत्रा, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. हिवाळाभर पाऊस, बर्फ, धुकं; लाकूड वाळायला सवडच नाही. कोणी नंतर भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर आतली ओल आतच. पन्हळ दुरुस्त करायला शिडी आणि एक माणूस लागतो. त्याची वीस वर्षांची हमी कोणी छापून देत नाही, म्हणून बराच काळ तो कोणी बोलावला नाही.

आता जुन्या इमारतींची काळजी घेणारे लोक आधी तुळईत सुई खुपसून ओल मोजतात. कोळ्यांची जाळी झाडून टाकत नाहीत. त्यात अडकलेले भुंगेरे मोजतात. हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या भोकांवर पातळ कागद चिकटवतात आणि वाट बघतात. एप्रिल ते जून या महिन्यांत आतून भुंगेरा निघाला तर कागदाला भोक पडतं. जिथे पडलं तेवढ्याच ठिकाणी, तेवढ्याच तुळईवर औषध. बाकी कागद पुढच्या वर्षी पुन्हा बघायचे.