गंज आणि जुनी मोटार

लोखंड मनुष्यास शुद्ध रूपांत क्वचितच सांपडलें. खाणींतील तांबड्या दगडांत तें प्राणवायूशीं जखडलेलें असतें व भट्टीच्या उष्णतेनें सोडवावें लागतें. गंज चढणें म्हणजे तेंच लोखंड, पाणी व प्राणवायु मिळतांच, मूळ स्थितीकडे परत जाणें होय. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत केंब्रिजचे युलिक इव्हान्स ह्यांनीं पाण्याच्या एका थेंबाखालीं काय घडतें तें दाखविलें. थेंबाच्या मध्यभागीं, जेथें प्राणवायु कमी पोंचतो, तेथें लोखंड झिजतें. गंजाचें कडें मात्र त्याच्या भोंवतीं उठतें. म्हणजे तांबूस डाग जेथें दिसतो तेथेंच खरी हानि झालेली असते असें नाहीं. जुनी मोटार पुन्हा उभी करूं पाहणाऱ्यानें हा पहिला धडा लक्षांत ठेवावा.

हिंदुस्थानांत मोटारीचा कारखाना उभारण्याचा ध्यास ज्यांनीं घेतला, ते वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मले. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साह्यानें जुळविलेल्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी तेथें होऊं लागली, आणि तिचाच वंश १९७० नंतरच्या दशकांत पद्मिनी ह्या नांवानें सर्वांच्या परिचयाचा झाला.

ह्या दोन घराण्यांच्या गाड्यांत गंजाच्या दृष्टीनें मोठा भेद आहे. क्रायस्लरच्या त्या गाड्यांस खालीं निराळी, भक्कम चॅसी असे. वरचा पत्रा कुजला तरी सांगाडा टिके. फियाट ११०० ला निराळी चॅसी नव्हती. तळाचा पत्रा, दरवाज्याखालची पट्टी व खांब मिळून सारा भार पेलीत. गाडी हलकी झाली हें खरें. परंतु गंज जो आजवर मुख्यतः रूपाचा शत्रु होता, तो आतां हाडांपर्यंत पोंचला. तळ चाचपल्यावांचून केवळ रंग पाहून अशी गाडी घेणें म्हणूनच धोक्याचें.

दुसरा भेद आट्यांचा. अमेरिकन गाडीचे आटे इंची मापाचे, इटालियन गाडीचे मिलिमीटरचे. चुकीचा पाना लावला कीं नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कोणत्याच पान्यास दाद देत नाहीं. मेट्रिक मापांचा कायदा भारतांत १९५६ सालीं झाला. सोलापुराहून विजयपुरास जातांना, भीमेच्या अलीकडे, मंद्रूपाजवळ तेरामैल हें ठिकाण लागतें. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आले तरी नांव मैलांचेंच राहिलें. जुन्या मिस्त्रीच्या पेटींतहि असेच दोन युगांचे पाने शेजारीं शेजारीं असतात.

मंद्रूपाकडील हवा कोरडी व पाऊस बेताचा. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ६० टक्क्यांपलीकडे गेली म्हणजे गंजाचा वेग झपाट्यानें वाढतो, आणि मीठ त्यास साह्य करतें. म्हणून मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेंत जी गाडी लवकर पोखरली जाते, ती ह्या बाजूस कडुनिंबाखालीं अधिक वर्षें तग धरते. परंतु काळी जमीन ओल धरून ठेवते. पावसाळ्यांत तीवर उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेकचे ड्रम व तळाचा पत्रा खालून ओल पितात, आणि वरून धडधाकट दिसणारी गाडी खालून चाळणी झालेली असूं शकते.

जाम झालेल्या भागाचें कारणहि गंजाच्या स्वभावांतच आहे. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असतें; नट व बोल्ट ह्यांमधल्या केंसाएवढ्या फटींत तो पाचरीसारखा बसतो. पान्यास लांब नळी लावून जोर केला तर नट सुटण्याऐवजीं बोल्ट तुटतो. जाणता मिस्त्री आटे तारेच्या ब्रशानें साफ करतो, पातळ तेल सोडतो, हलके ठोके देतो आणि थांबतो. एक रात्र, प्रसंगीं चार रात्री. मग नट प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें हलवितो, म्हणजे गंजाची पकड फुटते. तरीहि न जमल्यास तो नट तापवितो. तापलेला नट प्रसरण पावून बोल्टवरील त्याची मिठी सैल होते. पेट्रोलच्या टाकीजवळ व तेलानें भिजलेल्या जागीं मात्र ज्वाला नेऊं नये.

बंद पडलेल्या एंजिनासहि हाच न्याय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानें चिकटलेल्या असतां गाडी ओढून गियरमध्यें सोडली तर रिंगा तुटतात व सिलिंडरवर ओरखडे पडतात. प्लग काढून आंत तेल सोडावें, कांहीं दिवस जाऊं द्यावे आणि मग एंजिन हातानें थोडें थोडें फिरवून पाहावें.

सुटलेल्या पोलादी भागांवरील गंज काढण्यास साखर कारखान्यांतील मळी उपयोगी पडते, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. सोलापूर जिल्ह्यांत तर साखर कारखाने पुष्कळ. एक भाग मळी व नऊ भाग पाणी ह्यांच्या मिश्रणांत ते भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले, तर मळींतील द्रव्यें गंजांतील लोखंड विरघळवितात; चांगल्या धातूस फारसा उपद्रव होत नाहीं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यांत घालूं नयेत.

पद्मिनीची घडण चालू शतकाच्या आरंभाच्या सुमारास थांबली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यावरील तिची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली. आतां एखादा मूळ भाग तुटला तर तसा नवा घडवितां येईल. पण कुर्ल्यास तो कसा घडला होता ह्याचा पुरावा तुटक्या तुकड्याबरोबर भंगारांत जातो. तो वांचतो मिस्त्रीच्या थांबण्यामुळें. मालक मजुरी देतो ती मात्र पाना फिरविण्याच्या चार मिनिटांची. चार रात्रींचें मोल जोंवर कोणी देत नाहीं, तोंवर घाईचा हातोडाच स्वस्त ठरेल, आणि वालचंदांच्या कारखान्याच्या उरल्यासुरल्या खुणा गंजापेक्षां त्या हातोड्यानेंच अधिक नाहींशा होतील.